साच्यातल्या मूर्ती : फ्रेंच बीडकाम आणि नगरची तोफ

मराठी समीक्षेत एखाद्या कलाकृतीला बाजूला सारायचे असेल तर 'साचेबद्ध' हा एकच शब्द पुरतो. साचेबद्ध व्यक्तिरेखा, साचेबद्ध कथानक, साचेबद्ध प्रतिमासृष्टी. वर्गात आम्ही तो सर्रास वापरतो आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकांतून तो आम्हाला परत करतात. गंमत अशी की याच भाषेत 'ओतीव' हा शब्द स्तुतीचा आहे. ओतीव बांधा, ओतीव देहयष्टी असे म्हणताना आपल्याला घाटाची निर्दोष सलगता सांगायची असते. साच्यावाचून ओतकाम होत नाही. तरीही ओतीव ते उत्तम आणि साचेबद्ध ते निकृष्ट, असा परस्परविरोधी निवाडा आपल्या भाषेने करून ठेवला आहे. युरोपीय भाषांनीही ही निंदा ओतशाळेतूनच उचलली. जुळवलेल्या खिळ्यांच्या पानाचा ठसा घ्यायचा, त्यात वितळलेला धातू ओतायचा आणि निघालेल्या अखंड पत्र्यावरून हवी तितकी छपाई करायची, या तंत्राला अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या दिदो मुद्रकघराण्याने 'स्टिरिओटाइप' हे नाव दिले. 'क्लिशे' हाही फ्रेंच मुद्रकांच्याच बोलीतला शब्द. म्हणजे वाङ्मयाच्या निंदेसाठी आपण जी परिभाषा वापरतो, ती मुळात धातूच्या कारखान्याची आहे. तेव्हा त्या कारखान्यात प्रत्यक्ष काय घडत होते ते एकदा पाहावे, म्हणून हा लेख.

पाहण्याजोगा कारखाना फ्रान्सचाच आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मानवाकृती आणि प्राणिमूर्ती इतक्या प्रमाणात घडवल्या की त्या धातूला त्यांनी जवळजवळ एक स्वतंत्र शिल्पप्रकार मिळवून दिला. (बीड म्हणताच आमच्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना शेजारचा जिल्हा आठवतो. इथे अभिप्रेत आहे ते घरातल्या बिडाच्या तव्याचे बीड.) त्याआधी प्रशियात बर्लिनच्या राजकीय ओतशाळेने बिडाचे नाजूक काम केले होते; पण रस्त्यावर, चौकात, बागेत उभ्या राहणाऱ्या पूर्णाकृतींचा बाजार उभा केला तो फ्रान्सने.

या बाजाराचे केंद्र पॅरिस नव्हते. पूर्व फ्रान्समधल्या ओत-मार्न भागात खनिज होते, कोळशासाठी अरण्ये होती आणि भाते चालवायला ओढ्यांचे पाणी होते. तिथल्या लहान भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या शेगड्या आणि भांडी ओतत आल्या होत्या. दगडी कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या मोठ्या भट्ट्यांचे स्वस्त लोखंड आले तेव्हा लाकडी कोळशाच्या या भट्ट्यांना साधा माल परवडेनासा झाला. ज्यांना टिकायचे होते त्यांनी कारागिरीचा आश्रय घेतला. झां-पिएर-व्हिक्तोर आंद्रे याने १८३५च्या सुमारास व्हाल दोन येथे ओतशाळा काढली. आंत्वान द्युरेन याने १८५७ साली सोमव्हॉयरची ओतशाळा घेतली. पुढे ही दोन नावे एकमेकांची सर्वांत मोठी स्पर्धक ठरली आणि १९३१ साली एकत्र आली. कलेच्या इतिहासात शैलींचा उगम आपण प्रतिभेत शोधतो. इथे मात्र एका शैलीच्या मुळाशी इंधनाचा भाव आहे, आणि ते मान्य करण्यात आम्हाला तरी काही उणे वाटत नाही.

आता साच्याकडे येऊ. शिल्पकार मातीत मूर्ती घडवी. तिची प्लॅस्टरमधली प्रत ओतशाळेत येई आणि तिच्यावरून कामाचा पक्का नमुना तयार होई. थंड होताना बीड शेकडा एकाच्या आसपास आक्रसते, म्हणून नमुना होणाऱ्या मूर्तीपेक्षा किंचित मोठा ठेवावा लागे. हा नमुना ओलसर, बारीक रेतीत दाबून त्याच्याभोवती तुकड्यातुकड्यांनी साचा बांधायचा. नाकाखाली, बगलेत, वस्त्राच्या चुणीत, जिथे जिथे रेती अडकेल तिथे स्वतंत्र तुकडा. मग नमुना अलगद काढून घ्यायचा, आत रेतीचाच गाभा टांगायचा आणि गाभा व साचा यांच्यामधल्या बोटभर पोकळीत रस ओतायचा. शुद्ध लोखंड वितळायला दीड हजार अंशांहून अधिक तापमान लागते. दोन ते चार टक्के कार्बन मिसळलेले बीड साडेअकराशे-बाराशे अंशांतच पाण्यासारखे धावू लागते आणि चुणीचुणीत शिरते. थंड झाले की ते ठिसूळ असते. त्याला हातोडीने वळवता येत नाही. जे घडले ते ओततानाच घडले.

आणि मग साचा फोडायचा. रेतीचा साचा एकाच मूर्तीपुरता असतो. दुसरी मूर्ती हवी असेल तर दुसरा साचा, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा हाताने. टिकतो तो नमुना. साचा टिकत नाही. आपण 'साचेबद्ध' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एक अविनाशी साचा असतो आणि त्यातून आपोआप बाहेर पडणाऱ्या वस्तू असतात. या ओतशाळांत मात्र प्रत्येक प्रतीसाठी साचेकाराला नवे बांधकाम करावे लागे, आणि त्याचे काम वाया गेले की मूर्तीच्या गालावर ते दिसे. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर पापणीची धार एकीत तीक्ष्ण आणि दुसरीत बोथट असू शकते.

नमुने कुणाचे होते? येथे 'कारखानदारी' या शब्दाभोवतीचा आपला दुसरा पूर्वग्रह आडवा येतो. मातुरें मोरो, कारिए-बेलूझ, जाकमार यांसारखे मान्यताप्राप्त शिल्पकार या ओतशाळांसाठी नमुने देत. त्यांतला मोरो (१८२२–१९१२) तर व्हाल दोनच्या व्यवहारातच भागीदार होता. ओतशाळा जाडजूड सूचिपत्रे छापत. त्यांत क्रमांक, उंची आणि किंमत यांसह देवता, ऋतू, नद्या, बालके, सिंह, हंस अशी सारी मंडळी रांगेने उभी असत. गिऱ्हाइकाने निवड करायची. एकच स्त्रीमूर्ती हाती कलश दिला की कारंज्यावरची जलदेवता होई आणि दिवा दिला की जिन्याच्या पायथ्याची दीपधारिणी. एका खेपेचे पात्र दुसऱ्या कथेत घालावे तसा हा प्रकार. कादंबरीवाचकांना तो अनोळखी वाटू नये.

या सूचिपत्रांच्या जोरावर फ्रेंच मूर्ती अटलांटिक ओलांडून गेल्या. रिओ द जानेरोच्या बागा आणि चौक व्हाल दोनच्या कामांनी भरले. बार्तोल्दीने १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनासाठी केलेले कारंजे द्युरेनच्या ओतशाळेतले. सुमारे पंधरा टन वजनाचे, कांस्याचा मुलामा दिलेले हे बीडकाम पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने सहा हजार डॉलरला विकत घेतले आणि ते आजही वॉशिंग्टनमध्ये आहे. याच बार्तोल्दीचा न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा (१८८६) मात्र तांब्याचे पत्रे ठोकून केलेला, म्हणजे अस्सल घडीव. ओतीव आणि घडीव या आपल्या जोडशब्दाचे इतके नेमके उदाहरण एकाच शिल्पकाराच्या हातून मिळावे, हा योगायोग आम्हाला वर्गात फार उपयोगी पडला आहे.

मुलाम्याबद्दल थोडे. बिडाला उघड्यावर गंज चढतो, म्हणून रंग लावणे अटळ होते. पण हिरवट-तपकिरी रंग देऊन त्याला कांस्यासारखे दाखवणे अटळ नव्हते. टीकाकारांनी या सोंगावर बोट ठेवले, आणि ते रास्तच होते. मात्र पॅरिसची वॉलेस कारंजी पाहावीत. १८७०–७१च्या वेढ्यानंतर आणि कम्यूनच्या उठावानंतर शहरात गरिबांना स्वच्छ पाणी मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा रिचर्ड वॉलेस या पॅरिसवासी इंग्रजाने १८७२ साली स्वखर्चाने पाणपोया उभारल्या. शिल्पकार शार्ल-ओग्युस्त लबूर, ओतकाम व्हाल दोनचे. माथ्यावरचे छत्र चार स्त्रिया पेलतात : दया, साधेपणा, दानशीलता आणि संयम. चौघी बहिणींसारख्या दिसल्या तरी सारख्या नाहीत. गुडघ्याची ठेवण, पापण्यांची मिट, वस्त्राची गाठ वेगवेगळी आहे. उंची पावणेतीन मीटरच्या आत, वजन सहाशे किलोच्या आसपास, रंग सरळ गडद हिरवा. कांस्याचे सोंग नाही. अनेक प्रती असणे हा इथे दोष नसून हेतूच आहे, कारण पाणपोई एकच असून भागत नाही. फ्रेंच बीडकामाचे सर्वांत प्रामाणिक रूप आम्हाला इथे दिसते.

सर्वांत महत्त्वाकांक्षी रूप दिसते ते १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात. त्रोकादेरो प्रासादासाठी सहा खंडांच्या सहा स्त्रीमूर्ती बिडात ओतल्या गेल्या. आशिया फाल्गिएरची, ओशनिया मोरोची. खालच्या जलाशयाभोवती चार प्राणी होते. त्यांतला गेंडा जाकमारचा, आणि एमान्युएल फ्रेमिएचा, सापळ्यात पाय अडकलेला हत्तीचा छावा. खंडांच्या मूर्ती म्हणजे वसाहतवादी युरोपने जगाकडे पाहण्याच्या दृष्टीचे उघड प्रदर्शन आहे. कोणत्या खंडाला कोणते वस्त्र आणि कोणते वाहन, हे ठरलेले. इथे साचा खरोखरच घट्ट आहे, पण तो रेतीचा नव्हे, मनातला. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

योगायोगाने त्याच १८७८ साली धोंड–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नगरला आगगाडी आली. आपल्याकडे त्या शतकाचे लोखंड पोहोचले ते असे : रूळ, पूल, खांब. मुंबईत त्याने थोडे अलंकार घातले. १८७२ साली खुल्या झालेल्या भायखळ्याच्या संग्रहालयाचे ओतीव खांब आणि कठडे, वॉटसन हॉटेलचा इंग्लंडातून सुटा आणून मुंबईत जोडलेला सांगाडा, धोबी तलावाजवळचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांच्या नावाचे दीपकारंजे. हे सारे काम इंग्रजी भट्ट्यांचे. वसाहतीचा बाजार वसाहतकाराच्या हातात होता, तेव्हा फ्रेंच वळण आपल्याकडे आले तर ते इंग्रजीच्या आडून.

वाङ्मयातही हेच घडले. मोलिएरने १६६० साली स्गानारेल नावाचा संशयी नवरा रंगभूमीवर आणला. आर्थर मर्फीने १७६१ साली त्यावरून इंग्रजी सुखात्मिका बेतली. तिच्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव' लिहिले, आणि १९१६ साली ते 'संशयकल्लोळ' होऊन संगीत रंगभूमीवर आले. फ्रेंच नमुना, इंग्रजी साचा, मराठी ओतकाम. याला 'रूपांतर' म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची आपल्या वाङ्मयेतिहासाची सवय आहे. पण मूळ म्हणावे ते तरी कोणते? स्गानारेल हे नाव स्वतः मोलिएरनेच अर्धा डझन नाटकांतून पुन्हापुन्हा वापरले. नोकर, नवरा, वैद्य अशी कामे त्याला दिली, आणि त्याच्यामागे इटालियन मुखवटानाट्याची ठरीव पात्रे उभी होती. देवलांनी काय केले? फाल्गुनराव, आश्विनशेठ, कृत्तिका, रेवती अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन त्यांनी सगळा गोतावळा पंचांगात नेऊन बसवला, आणि संशयाला मराठी घराच्या ओसरीवरची बोली दिली. जुना साचा फुटला होता, नवा त्यांनी हाताने बांधला. नमुना परका असला तरी चुणीचुणीत शिरलेला रस इथला आहे.

आता नगरची गोष्ट. फ्रेंच ओतशाळांच्या जवळजवळ तीन शतके आधी आमच्या शहरात एक मूर्ती ओतली गेली, आणि आम्ही तिला मूर्ती म्हणून पाहत नाही, कारण ती तोफ आहे. मलिक-ए-मैदान. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, हिजरी ९५६ म्हणजे इसवी १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. लांबी सुमारे चौदा फूट, मुखाचा व्यास सव्वादोन फुटांहून अधिक, वजन पंचावन्न टनांच्या घरात सांगतात. धातू बीड नव्हे, घंटेचा : साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. तोफेचे तोंड म्हणजे एका अक्राळविक्राळ पशूचा जबडा. दातांच्या रांगा उघड्या आहेत आणि दोन्ही बाजूंच्या जबड्यांत एकेक हत्ती चिरडला जातो आहे. बार उडे तेव्हा त्या जबड्यातून आग निघत असणार, हे लक्षात घेतले तर शिल्पकाराची नाट्यदृष्टी कळते. एरवी निश्चल असलेल्या मूर्तीला इथे क्षणभर श्वास होता.

फ्रेमिएचा हत्ती आणि रूमीचे हत्ती शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही ठिकाणी बलाढ्य प्राण्याची कोंडी हाच विषय. फ्रेमिएला प्राण्याचे दुःख दिसते. त्याचा छावा एक जीव आहे, त्याच्या कातडीला वळ्या आहेत. रूमीचे हत्ती चिन्हे आहेत, शत्रूच्या सत्तेची आणि सैन्याची. एक बागेतल्या प्रेक्षकासाठी, दुसरे तोफेसमोर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी.

मलिक-ए-मैदान एकच आहे. तिच्यावर ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. सूचिपत्र नाही, दुसरी प्रत नाही, किंमत नाही. समीक्षेच्या रूढ तराजूत ती 'मौलिक' ठरावी आणि व्हाल दोनच्या जलदेवता 'साचेबद्ध'. परंतु दख्खनच्या किल्ल्यांचे दरवाजे नजरेसमोर आणले की हा तराजू डळमळतो. हत्तींना पंजांत आणि जबड्यात धरणारा सिंह किंवा शरभ तिथे दगडात पुन्हापुन्हा भेटतो. रूमीने जबडा आणि हत्ती ही कल्पना प्रदेशाच्या सामाईक भांडारातून उचलली. नमुना आधीपासून हजारो डोळ्यांत होता. त्याची मौलिकता आहे ती तो नमुना तोफेच्या तोंडावर बसवण्यात, आगीशी त्याची सांगड घालण्यात आणि इतका अजस्र ओतीव गोळा निर्दोष उतरवण्यात. म्हणजे जिथे साचा एकदाच वापरला तिथेही नमुना सामाईक होता, आणि जिथे नमुना शेकड्यांनी विकला गेला तिथेही साचा दर वेळी नवा होता. प्रतींची संख्या मोजून मौलिकतेचा निर्णय लागत नाही. बिडातला आशियाखंड एकच असूनही आम्हाला साचेबद्ध वाटतो, आणि वॉलेस कारंज्यावरची स्त्री इतक्या वेळा ओतूनही वाटत नाही.

तोफेचा पुढचा प्रवास आपल्या इतिहासात वाचायला मिळतो. नगरहून परांड्याला, तिथून १६३२ साली मुरार जगदेवाने विजापूरला. १६८६ साली विजापूर पडल्यावर औरंगजेबानेही आपला लेख तिच्यावर कोरून घेतला. एकाच धातूवर दोन राजवटींची अक्षरे.

लेखाच्या आरंभी निंदेचा शब्द होता. निंदेचा व्यवहार भंगाराच्या काट्यावर होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, फ्रान्सच्या व्हिशी सरकारने तांब्यासाठी कांस्याचे पुतळे उतरवून वितळवण्याचा आदेश काढला. प्रतिष्ठित, 'अस्सल' धातूचे कितीतरी पुतळे भट्टीत गेले. बीड निरुपयोगी ठरले आणि म्हणून वाचले. वॉलेस कारंज्यांच्या चौघी बहिणी जागच्या जागी राहिल्या. शांततेच्या काळात मात्र बिडाच्या वाट्याला उपेक्षा आली. त्रोकादेरोचा जुना प्रासाद १९३०च्या दशकात गेला, सहा खंड पुढे नांत शहरात जाऊन वर्षानुवर्षे दुर्लक्षित पडले. १९८६ साली ओर्से संग्रहालय उघडले तेव्हाच्या सुमारास त्यांना परत आणण्यात आले, आणि आज ते संग्रहालयाच्या दारातल्या प्रांगणात उभे आहेत. फ्रेमिएचा हत्तीही तिथेच आहे. मुंबईचे फिट्झगेराल्ड कारंजे १९६०च्या दशकात रहदारीला अडचण म्हणून उतरवले गेले, भायखळ्याच्या संग्रहालयात सुट्या भागांनी राहिले आणि अनेक दशकांनी दुरुस्त होऊन आपल्या चौकात परतले.

आणि विजापूर. १८५४ साली सरकारी निरुपयोगी सामानाची विक्री करण्याचा हुकूम निघाला. त्या यादीत मलिक-ए-मैदानही होती. लिलावात तिच्यावर सर्वांत मोठी बोली लागली ती दीडशे रुपयांची. रक्कम फारच क्षुल्लक आहे, असे कुणा अधिकाऱ्याला वाटले आणि विक्री रद्द झाली. तोफ आज शर्झा बुरुजावर आहे, तोंड उघडे, दोन्ही हत्ती जबड्यातच.